उभ्या फ्रेमसाठी ट्रायपॉडला काय जोडावं?

जेजुरीची दीपमाळ, दारातली गुढी, नववारीत उभी राहिलेली नवरी, सांदण दरीतून दिसणारी आभाळाची चिंचोळी पट्टी. ही सगळी उभ्या फ्रेमची कामं. कॅमेरा हातात असला की मनगट वळवलं, झालं! घोडं अडतं ते ट्रायपॉडवर. कॅमेरा आडवा नीट बसतो, उभा करायला गेलं की लटकतो, घसरतो, लेन्स हळूच नाक खाली टाकते.

त्यावर उपाय भरपूर आहेत: प्लेट, क्लॅम्प, एल-ब्रॅकेट, लेन्सची कॉलर, फिरतं कडं. यातलं तुम्हाला नेमकं काय लागतं हे तुमचा कॅमेरा आणि तुमचा ट्रायपॉडच सांगणार आहेत, म्हणून खरेदी नंतर. आधी सगळं टेबलावर मांडा: बॅटरी आणि कार्ड घातलेला कॅमेरा, तुमची सर्वांत जड लेन्स, ट्रायपॉड, सध्याची प्लेट, शूटिंगला लावता त्या सगळ्या वायरी, मिलिमीटरची पट्टी, कागदी चिकटपट्टी, पेन, एक नाणं, अ‍ॅलन कीचा संच आणि टिपणाला कागद. चला, सुरू करू.

आहे त्या सामानाची परीक्षा

१. ट्रायपॉडचे तीनही पाय पूर्ण फाकवून जमिनीवर उभा करा. मधला दांडा पूर्ण खाली असू द्या; तो वर असला तर डुलणाऱ्या दांड्याचा दोष तुम्ही उगाच हेडच्या माथी माराल.

२. बॉलहेडच्या मानेवरची खाच शोधा. गोळ्याची मान आडवी पडावी म्हणून तिथे एका बाजूला यू आकाराची जागा कापलेली असते.

३. हेड तळापासून फिरवून ती खाच तुमच्या डाव्या हाताला आणा.

४. आता हेड तिथेच धरून खालचे पाय असे वळवा की एक पाय बरोबर खाचेच्या खाली येईल. हे विसरलात तर कॅमेरा दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला लटकेल आणि ट्रायपॉडसकट आडवा होईल.

५. सर्वांत जड लेन्स लावलेला कॅमेरा प्लेटवर बसवा आणि तळाचा स्क्रू नाण्याने घट्ट करा. हलक्या लेन्सवर परीक्षा घेऊ नका, ती कुठल्याही ट्रायपॉडवर पास होते.

६. चिकटपट्टीचा एक तुकडा कॅमेऱ्याच्या तळाच्या कडेवर आणि त्याला लागूनच दुसरा प्लेटच्या कडेवर लावा.

७. दोन्ही तुकड्यांवरून पेनाने एकच सरळ रेघ ओढा. ही रेघ थोड्या वेळाने साक्ष देणार आहे.

८. घरातल्या दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा आडव्या फ्रेमच्या मधोमध घ्या आणि हेड आवळा.

९. डावा हात लेन्सखाली धरा, उजव्या हाताने गोळ्याची मूठ सैल करा आणि कॅमेरा डावीकडे खाचेत उतरवा. लेन्सखालचा हात अजिबात काढू नका. मूठ सैल होताच सगळा भार एकदम खाली येतो आणि मान व प्लेट यांच्यामध्ये बोट सापडलं तर चांगलंच चेमटतं.

१०. मूठ पूर्ण आवळा.

११. ट्रायपॉडच्या मधल्या रेषेपासून लेन्सचा मध्य किती बाजूला गेला ते पट्टीने मोजून कागदावर लिहा. सहज दहा सेंटिमीटर भरेल. दूरच्या डोंगराला याने फरक पडत नाही, पण हातभर अंतरावरच्या फुलाला किंवा ताटातल्या पदार्थाला पडतो. तिथे अख्खी रचना नव्याने लावावी लागते.

१२. लाइव्ह व्ह्यू सुरू करून चौकटीचा कोपरा पुन्हा मधोमध आणा, तो स्क्रीनवर मोठा करा आणि दोन्ही हात सावकाश काढा.

१३. मिनिटभर नुसतं बघत राहा. कोपरा जागच्या जागी राहिला तर छान. स्क्रीनवर वर सरकू लागला, तर समजा लेन्स खाली चालली आहे.

१४. आता चिकटपट्टीवरची रेघ बघा. रेघ तुटली असेल, म्हणजे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर कॅमेरा स्क्रूभोवती फिरला, दोष प्लेटचा. रेघ अखंड आहे आणि तरी फ्रेम खाली गेली, तर गोळा घसरला, दोष हेडचा. ही एक पायरी काही केल्या गाळू नका. बहुतेक जण इथे न बघताच ब्रॅकेट मागवतात, आणि मूळ दुखणं हेडचं असेल तर नवं ब्रॅकेटही त्याच हेडबरोबर घसरतं.

१५. निकाल लिहा. रेघ अखंड, फ्रेम जागेवर आणि उभे फोटो अधूनमधूनच काढता? मग तुम्हाला काहीही विकत घ्यायची गरज नाही, खाच वापरा. रेघ तुटली पण उभे फोटो मोजकेच? कॅमेऱ्याच्या पाठीला टेकणारी उभी कडा असलेली, न फिरणारी प्लेट घ्या. स्वस्तात काम होईल. उभ्या फ्रेम रोजच्याच आहेत, तर पुढे चला.

लांब लेन्स असेल तर आधी इकडे

१६. तुमच्या लांब लेन्सच्या बुडाशी फिरती कॉलर आणि पाय आहे का ते बघा. ७०–२०० एफ २.८, १००–४००, १५०–६०० अशा वजनदार लेन्सना ती असते. हलक्या ७०–३०० ला बहुधा नसते.

१७. कॉलर असेल तर ट्रायपॉडला कॅमेरा नव्हे, लेन्सचा पाय लावा. जड लेन्स कॅमेऱ्याच्या तळावर टांगणं माउंटला मानवत नाही.

१८. कॉलरची मूठ अर्धी सैल करा, कॅमेरा खुणेपासून खुणेपर्यंत ९० अंश फिरवा, मूठ आवळा. उभी फ्रेम तयार! मूठ पूर्ण सोडू नका. काही कॉलर मधोमध उघडतात आणि लेन्स हातात येते, किंवा येत नाही.

१९. या लेन्सपुढे कागदावर ‘ब्रॅकेट नको’ असं लिहा. पायाला खाली तिरप्या कडा नसतील तर तेवढा पाय बदलून घ्यायचा किंवा त्याला एक लांब प्लेट लावायची, एवढंच. फक्त ही प्लेट पुढे-मागे धावते आणि कॅमेऱ्याची डावी-उजवी. म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाताना क्लॅम्प काटकोनात वळवावा लागतो. बॉलहेडवर ते सहज जमतं.

क्लॅम्पची ओळख पटवा

२०. कॅमेऱ्याची प्लेट काढून उलटी धरा आणि कडा निरखा. लाकडी पेटीचं सरकतं झाकण जसं खाचेत बसतं तशा दोन समांतर, तिरप्या, सरळ कडा दिसल्या तर ती आर्का-स्विस पद्धतीची.

२१. कडेपासून कडेपर्यंत रुंदी मोजा. साधारण ३८ मिलिमीटर भरली की ओळख पक्की. मॅनफ्रोटोच्या आरसी २ सारख्या प्लेटा वेगळ्या घडणीच्या असतात, त्या या क्लॅम्पमध्ये बसत नाहीत, आणि बळजबरीने बसल्यासारख्या वाटल्या तर ते जास्तच वाईट.

२२. तुमचा क्लॅम्प फिरक्या मुठीचा आहे की झटक्यात मिटणाऱ्या खटक्याचा, ते लिहून ठेवा. मूठवाला क्लॅम्प कुठल्याही कंपनीच्या प्लेटला जुळवून घेतो. खटकेवाला भराभर चालतो, पण प्लेटच्या रुंदीत केसाएवढा फरक असला तरी एकीला ढिला आणि दुसरीला अतिघट्ट होऊ शकतो. खटका असेल तर ब्रॅकेट शक्यतो त्याच कंपनीचं बघा, नाहीतर क्लॅम्पच्या आवळण्याला कमी-जास्त करणारा बारीक स्क्रू आहे का ते बघा.

२३. हेड आर्का पद्धतीचं नसेल तर पायरी १४ चा निकाल काढा. हेड घसरत नसेल तर त्यावर सुटा आर्का क्लॅम्प बसवून भागेल. घसरत असेल तर क्लॅम्पवर पैसे घालू नका, हेडच बदला.

२४. हेड बदलायचं ठरलं तर जुनं हेड उलटं फिरवून काढा आणि पायांवरचा स्क्रू मोजा. मोठ्या ट्रायपॉडवर तो ३/८ इंची असतो, लहानांवर १/४ इंची. आकार जुळला नाही तर मध्ये घालायची छोटी पितळी किंवा स्टीलची बुश मिळते. मापाशिवाय मागवू नका.

२५. व्हिडिओचं फ्लुइड हेड वापरत असाल तर एक जास्तीची नोंद करा. अशी बहुतेक हेडं बाजूला कलतच नाहीत, आणि त्यांची लांब प्लेट पुढे-मागे सरकते. तिच्यावर आर्का क्लॅम्प पक्का करा, म्हणजे ब्रॅकेटचा मार्ग मोकळा होतो.

कॅमेऱ्याची डावी बाजू नीट बघून घ्या

उभ्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याची डावी बाजू खाली जाते आणि मूठ वर येते. एल-ब्रॅकेटचा उभा हात याच डाव्या बाजूला चिकटतो. वायरींची भोकं तिथेच, उघडणाऱ्या स्क्रीनची बिजागरीही बहुधा तिथेच. चुकीच्या ब्रॅकेटचा त्रास इथूनच सुरू होतो, म्हणून पुढच्या पाच पायऱ्या सावकाश करा.

२६. कॅमेऱ्याच्या तळावरचं मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या आकड्यासकट, कागदावर उतरवा. ‘मार्क टू’ आणि ‘मार्क थ्री’ दिसायला जुळी भावंडं असली तरी बॅटरीचं दार किंवा भोकांची जागा एवढीशी सरकलेली असू शकते.

२७. डाव्या बाजूची सगळी रबरी झाकणं उघडा आणि वापरता त्या सगळ्या वायरी एकदम लावा: माइक, एचडीएमआय, चार्जिंग, रिमोट. त्यातली रिमोटची वायर काही कॅमेऱ्यांना समोरून किंवा मुठीकडून लागते. कुठून ते लिहा.

२८. सर्वांत जास्त बाहेर आलेला प्लग किती मिलिमीटर पुढे येतो ते मोजा, आणि वायर वळायला लागते तिथपर्यंत मोजा. फक्त प्लग मोजलात तर वायर क्लॅम्पवर टेकून दुमडेल आणि भोक सैल होईल.

२९. स्क्रीन पूर्ण बाहेर काढून पुढे-मागे फिरवून बघा. बिजागरी डावीकडे असेल तर कागदावर ठळक लिहा: ‘हात बाहेर सरकणारा हवा’.

३०. कॅमेऱ्याला बॅटरी ग्रिप कायम लावलेली असते का ते ठरवा. ग्रिपसकटचं ब्रॅकेट वेगळं, ग्रिपशिवायचं वेगळं. एकाच ब्रॅकेटवर दोन्ही भागवायला गेलात तर दोन्हीकडे फट राहते.

निवड

३१. आता कागद समोर ठेवून प्रकार ठरवा. माझं मत सरळ आहे: रोज उभे फोटो काढणाऱ्याने आपल्याच मॉडेलसाठी घडवलेलं एल-ब्रॅकेट घ्यावं. कॅमेऱ्याच्या अंगाला ते चपखल बसतं, फिरत नाही, बॅटरीचं दार मोकळं ठेवतं, आणि आडव्यावरून उभ्यावर गेलं तरी लेन्स ट्रायपॉडच्या बरोबर डोक्यावर राहते. सगळ्यांना चालणारं, लांबट भोकाचं ब्रॅकेट दोन-तीन कॅमेरे असलेल्या माणसाला सोयीचं, पण त्याला पाठीला टेकणारी कडा आहे ना ते आधी बघावं. नाहीतर पायरी १४ ची तुटकी रेघ पुन्हा नशिबी येते.

तिसरा प्रकार म्हणजे लेन्सभोवती बसणारं फिरतं कडं. कॅमेरा क्लॅम्पमधून न काढता जागेवरच आडव्याचा उभा होतो. लग्नात दर दोन मिनिटांनी फ्रेम बदलणाऱ्यांना, आणि एकाच बैठकीत आडवा व्हिडिओ आणि उभा रील दोन्ही करणाऱ्यांना ते फार उपयोगी. मात्र वजन वाढतं, पिशवीत जागा जास्त लागते, आणि जाड बुडाची लेन्स कड्यातून जाते का, मुठीवरची बोटं कड्याला घासतात का, हे हाताळून बघितल्याशिवाय घेऊ नका.

३२. शक्य असेल तर कॅमेरा आणि वायरी घेऊन दुकानात जा. मुंबईत असाल तर फोर्टमधल्या बोरा बाजाराची चक्कर वाया जात नाही. घरपोच मागवत असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा.

३३. ब्रॅकेट कॅमेऱ्यावर नुसतं टेकवून बॅटरीचं आणि कार्डाचं दार पूर्ण उघडा. दार अर्ध्यावर अडलं की नको म्हणा; प्रत्येक बॅटरीला ब्रॅकेट काढत बसणार नाही तुम्ही.

३४. पायरी २७ च्या वायरी लावा आणि ब्रॅकेट उभं धरून बघा. वायर हाताच्या खिडकीतून सरळ बाहेर येत असेल तर उत्तम. अडत असेल तर हात बाहेर सरकवा; तेवढ्याने भागत नसेल तर काटकोनी प्लगची वायर घ्या.

३५. उभ्या हाताच्या तिरप्या कडांची लांबी क्लॅम्पच्या जबड्याशी ताडून बघा. हात आखूड असेल तर जबडा अर्ध्यावरच धरतो आणि लांब शटरला फोटो हलतो.

३६. सरकणारा हात किती स्क्रूंवर धरलेला आहे ते बघा. एका स्क्रूवरचा हात जड लेन्सला हलकासा लवतो. हात बाहेर ओढून अंगठ्याने दाबून बघा, लगेच कळतं.

३७. आता बारीकसारीक गोष्टी: तळाला आणि बाजूला १/४ इंची आटे, पट्टा अडकवायची जागा, चुंबकाने चिकटणारी अ‍ॅलन की, लेन्सचा मध्य दाखवणारी कोरलेली खूण. खूण मात्र असावीच, पुढे कळेल का.

बसवणं

३८. कॅमेऱ्याचा तळ आणि ब्रॅकेटचा रबरी भाग कोरड्या कपड्याने पुसा. रेतीचा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो.

३९. ब्रॅकेट तळाला लावून स्क्रू बोटांनी फिरवा. दोन-तीन वेढे बोटांनीच जायला हवेत. अडखळला तर काढा, सरळ धरा, पुन्हा लावा. की घेऊन रेटू नका, कॅमेऱ्याचे आटे जातील.

४०. स्क्रू अर्धवट सैल असतानाच ब्रॅकेटची मागची कडा कॅमेऱ्याच्या पाठीला घट्ट टेकवा.

४१. तसंच दाबून धरून अ‍ॅलन कीने आवळा. कीचा आखूड भाग बोटांत धरा आणि लांब भाग स्क्रूत घाला, म्हणजे जोर जास्त होणार नाही. आट्यांना लावायचा चिकट द्रव इथे अजिबात वापरू नका.

४२. वायरींना पुरेल एवढाच उभा हात बाहेर सरकवून त्याचे स्क्रू आवळा. उगाच जास्त बाहेर काढलात तर उभ्या फ्रेममध्ये कॅमेरा तेवढा उंच जातो आणि डुलतो.

४३. दोन्ही टोकांचे थांबे लावा. हे तळाचे टीचभर स्क्रू क्लॅम्प सैल राहिला तरी कॅमेरा सरकून पडू देत नाहीत. क्लॅम्पमध्ये त्यांच्यासाठी खोबण नसेल आणि ते अडत असतील, तरच काढा.

४४. लेन्स एका हातात, ब्रॅकेट दुसऱ्या हातात धरून हलका पीळ द्या. काही हललं नाही की बसवणं झालं.

आडव्यावरून उभ्यावर

या पायऱ्या पहिल्यांदा गादीशेजारी करा, नंतर हातवळणी पडतील.

४५. एक पाय लेन्सच्या दिशेला वळवा. आता खाच वापरायची नाही, त्यामुळे पायरी ४ विसरा.

४६. कॅमेरा आडवा बसवून हेड सपाट करा आणि आवळा. इथून पुढे गोळ्याच्या मुठीला हात लावायचा नाही, हीच एल-ब्रॅकेटची सगळी गंमत.

४७. उजव्या हाताने कॅमेऱ्याची मूठ पक्की धरा.

४८. डाव्या हाताने क्लॅम्प उघडा. धरण्याआधी उघडलात तर कॅमेरा जमिनीवर, क्रम पाळाच.

४९. कॅमेरा वर उचला आणि मागून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने वळवा, म्हणजे मूठ वर येते.

५०. उभा हात क्लॅम्पमध्ये ठेवा आणि कोरलेली खूण क्लॅम्पच्या मध्यावर आणा. खूण जुळली की लेन्स पहिल्याच जागेवर येते, थोडीफार उंची बदलते तेवढीच.

५१. क्लॅम्प आवळा.

५२. मूठ न सोडता कॅमेरा वर ओढून आणि पुढे-मागे ढकलून बघा. खटका वाजला म्हणजे धरलं असं नसतं. तिरकी बसलेली कडाही खटका वाजवते. ही ओढून बघायची सवय एकदा लागली की आयुष्यभर कॅमेरा वाचवते.

५३. आता हात सोडा.

५४. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक पातळी बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत ती उभ्या फ्रेममध्येही चालते. थोडी चुकली असेल तर हेड त्या मानाने सुधारा. फार चुकली असेल तर हात क्लॅम्पमध्ये तिरका बसला आहे, काढून पुन्हा बसवा.

५५. फोकस पुन्हा लावा. आडव्या फ्रेमला लावलेला फोकस बिंदू उभ्या फ्रेममध्ये चेहऱ्यावरून खांद्यावर गेलेला असतो.

५६. उभा व्हिडिओ घेत असाल तर मेन्यूत दिशा नोंदवायची सोय आहे का ते बघून चालू करा, आणि पाच सेकंदांची चाचणी फोनवर चालवा. नाहीतर अख्खा कार्यक्रम आडवा पडलेला हाती येतो.

५७. पायरी १२ आणि १३ ची परीक्षा पुन्हा घ्या. चौकटीचा कोपरा मिनिटभर जागचा हलला नाही, की तुमचा जोड तयार.

घराबाहेर

५८. ब्रॅकेटची अ‍ॅलन की कॅमेऱ्याच्या पिशवीत कायमची टाका. प्रवासाच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात. निघण्याआधी एकदा आणि पोचल्यावर एकदा तपासा.

५९. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरत असाल तर क्लॅम्पचा जबडा दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा. चिखलाचा पातळ थरही कडांना नीट धरू देत नाही.

६०. लेणी, किल्ले, जुनी मंदिरं ठरवत असाल तर आधी परवानगीची चौकशी करा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला आगाऊ परवानगी लागते. दारावर वाद घालून ती मिळत नाही.

६१. फोनवर काम करत असाल तर वरचं बरंचसं सोडा आणि ९० अंशांत फिरणारा, तळाला १/४ इंची आटे असलेला धातूचा फोन-क्लॅम्प घ्या. बाजूची बटणं जबड्यात दाबली जात नाहीत ना, एवढं बघा.

बजेट एकाच वस्तूचं असेल आणि पायरी १४ मध्ये हेड नापास झालं असेल, तर आधी चांगलं हेड क्लॅम्पसकट घ्या, ब्रॅकेट पुढच्या महिन्यात. हेड पास झालं असेल आणि उभ्या फ्रेम रोजच्याच असतील, तर तुमच्या मॉडेलचं, बाहेर सरकणाऱ्या हाताचं एल-ब्रॅकेट घ्या. आणि कॅमेरा बदललात तर ब्रॅकेटही बदलावं लागेल, हे धरूनच पैसे बाजूला ठेवा.